दोनशे पंचावन्न क्रमांकाचा बाइट

मजकुराची फाइल बिनबोभाट उतरते, झिप मात्र दर वेळी त्याच टक्क्याला अडकून बसते. टेलनेटवरून बीबीएसवर जाणाऱ्यांची ही जुनी तक्रार. खापर फुटतं नेटवर्कवर. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात, वांगणीसारख्या गावातून (बदलापूरपुढची, लोकल थांबते ती वांगणी वेगळी), हे कारण कुणालाही चटकन पटेल. पण रेंज गेली तर जोडणी रेंगाळते किंवा तुटते. वाटेत बिघडलेली पाकिटं टीसीपी पुन्हा मागवून घेते. दर वेळी नेमक्या त्याच जागी मोडण्याइतकी रेंज काही शिस्तीची नसते.

बीबीएस म्हणजे मॉडेमवरून गाठायचा संगणकी फळा: निरोप वाचा, लिहा, फायली घ्या, द्या. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी शिकागोत 16 फेब्रुवारी 1978 रोजी पहिला सुरू केला. मुंबईतही नव्वदच्या दशकात ‘लाइव्ह वायर’ होतं. 15 ऑगस्ट 1995ला व्हीएसएनएलने इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं केलं, तेव्हा ज्यांच्या वाट्याला नुसत्या अक्षरांचं ‘शेल’ खातं आलं, त्यांनाही टर्मिनल प्रोग्राम आणि झेडमोडेम ही नावं पाठ झाली. त्या काळी फोनची लाइन खरोखरच खरखरायची आणि बाइट बिघडायचे. चक फोर्सबर्ग यांचं 1986चं झेडमोडेम, म्हणजे फायली पाठवण्याची पद्धत, असे बिघाड पकडायचं. आज सिंक्रोनेट, मिस्टिक यांवर चालणारे हौशी बीबीएस इंटरनेटवर आहेत, सिंकटर्म या टर्मिनल प्रोग्रामने तिथे जाता येतं. खरखर संपली, पण मध्ये टेलनेट, म्हणजे दूरच्या संगणकावर टाइप करण्याची इंटरनेटवरची पद्धत, येऊन बसलं.

टेलनेटचे नियम आज चालतात ते मे 1983च्या आरएफसी 854मधले, आणि ते बेतलेत टाइप करणाऱ्या माणसासाठी. मुळात सात बिटांची अक्षरं. 255 हा बाइट आला की पुढे हुकूम आहे असं समजायचं; खरोखरचा 255 पाठवायचा तर तो दोनदा पाठवायचा. 13, म्हणजे एंटर, पाठवला की त्यामागे 10 किंवा 0 जोडायचा. टाइप करणाऱ्याला याचा काही त्रास नाही. झिपमध्ये मात्र 0 ते 255 सगळे आकडे साधारण सारख्या प्रमाणात पसरलेले असतात: एक लाख बाइटांत सुमारे 390 वेळा 255 आणि तितक्याच वेळा 13. एकटा 255 गेला तर पलीकडचा प्रोग्राम त्याच्या शेजाऱ्यालाही हुकूम समजून गिळतो. 13च्या मागचा 0 कुणी काढलाच नाही तर ब्लॉक फुगतो. तपासणीची बेरीज चुकते, ब्लॉक पुन्हा येतो, पुन्हा तसाच चुकतो.

यावरचा उतारा म्हणजे बायनरी मोड, आरएफसी 856. ‘255 251 0’ म्हणजे मी बायनरी पाठवतो, ‘255 253 0’ म्हणजे तू पाठव. दोन दिशांचे करार वेगवेगळे, आणि बरेच जण घसरतात ते इथेच. डाउनलोड सुरळीत आणि अपलोड बंद, असं दिसलं की आधी हेच पाहावं. दुसरी घसरण प्रोग्राम लिहिणाऱ्यांची: बायनरी झालं म्हणून ते 255 दुप्पट करणं सोडून देतात. सुटका होते ती 13च्या शेपटीतून आणि सात बिटांच्या मर्यादेतून. 255 तेव्हाही दोनदाच पाठवावा लागतो.

आठव्या बिटाशी आपला थेट संबंध आहे. यूटीएफ-8मध्ये ‘वांगणी’तला ‘व’ म्हणजे 224, 164, 181. आठवा बिट छाटला की उरतात 96, 36, 53, आणि पडद्यावर दिसतं `$5. उलट यूटीएफ-8मध्ये 255 कधीच येत नाही. म्हणून आठ बिट सलामत असतील तर मराठी निरोप झकास वाचता येतो आणि त्याच निरोपाची झिप फसते. मग ‘मराठी तर दिसतंय की’ म्हणून सगळं ठीक मानलं जातं. जुन्या डॉस चित्रांत तर 255 म्हणजे निव्वळ कोरी जागा. ती गिळली गेली की चित्राची ओळ सरकते.

निदानासाठी तीन लहान फायली पुरतात: एकीत फक्त साधी अक्षरं, दुसरीत फक्त 13, तिसरीत फक्त 255. तिन्ही दोन्ही दिशांनी पाठवायच्या. दुसरी अडकली तर बायनरीचा करार झालेला नाही किंवा एका बाजूने पाळलेला नाही. तिसरी अडकली तर 255च्या दुपटीत घोळ आहे. पहिलीच अडकली तर टेलनेटला सोडा, झेडमोडेमच्या सेटिंगकडे वळा. पलीकडचा बायनरीला राजीच नसेल आणि एसएसएचची सोय असेल तर सरळ ती वापरावी. टेलनेटवर पासवर्डही उघडाच जातो.

काही बीबीएस फाइल पाठवण्यापुरताच बायनरी लावतात आणि काढायला विसरतात. झिप नीट उतरली, पण नंतर मेनूत एक एंटर दाबला की दोन लागायला लागले, तर फायलीत काही शोधू नका. जोडणी तोडून पुन्हा आत या, आणि सिसॉपला, म्हणजे बीबीएस चालवणाऱ्याला, कळवा.