संध्याकाळचा अध्याय: मराठी ख्रिस्ती घरांतल्या वाचनाची परंपरा

मराठी ख्रिस्ती साहित्याचे आढावे आजवर पुष्कळ आले. कुणी काय लिहिलं, कुठे छापलं, कोणती आवृत्ती कधी निघाली, हे सगळं त्यांत असतं. पण हे ग्रंथ घराघरांत रोज कसे वाचले गेले, याची नोंद ठेवावी असं आमच्या अभ्यासकांना फारसं वाटलं नाही. मी हा विषय फार दिवसांपासून लावून धरला आहे. मराठी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा जेवढी देवळातल्या उपदेशावर पोसली, त्याहून अधिक संध्याकाळी घरात मोठ्याने वाचलेल्या अध्यायावर पोसली, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात अर्थातच इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्सपासून. १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या जवळपास अकरा हजार ओव्या त्याने ऐकणाऱ्यांसाठी रचल्या. रविवारी आणि सणावारी देवळांतून त्या वाचल्या जात. सृष्टीच्या आरंभापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंत कथा क्रमाने जाते. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं, तरी पुराण मेलं नाही. १९०७ मध्ये मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली ती तोवर जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे. ज्यांनी ती जपली त्यांनी ती वाचण्यासाठी जपली होती.

मिशनांच्या काळाबद्दल मी फार बोलत नाही. १८११ मध्ये श्रीरामपूरहून मराठी नवा करार, १८१३ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशन, १८३१ मध्ये नगरचं ठाणं, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’. हा सगळा तपशील वाचकांना पाठ आहे. त्या काळातल्या पत्रिका आणि प्रश्नोत्तरावल्या आज कुणी आवडीने वाचील असं मला वाटत नाही.

खरी हकिगत सुरू होते ती टिळकांपासून. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार नारायण वामन टिळकांनी वाचायला घेतला आणि मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायांपाशी, म्हणजे डोंगरावरील प्रवचनापाशी, ते अडकले. त्यांना धरून ठेवलं ते सलग तीन अध्यायांनी. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि पुढे त्यांनी मंडळीला जे दिलं ते गळ्यातून दिलं: अभंग, पदं, कीर्तन. ‘उपासना संगीत’ उघडलं की पानोपानी टिळक भेटतात. टाळ-मृदंग देवळात नको, कीर्तन हे आपलं नव्हे, असं म्हणणारे विद्वान तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांना माझं उत्तर एकच आहे. ज्या घरांत अक्षर पोचलं नव्हतं, त्या घरांत शास्त्र याच चालींवर पोचलं. तुमच्या शुद्धतेने किती घरांत प्रार्थना लावली, ते सांगा.

टिळकांइतकंच मोठं काम पंडिता रमाबाईंचं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. थोडंफार शिकलेल्या बाईलाही ते वाचता यावं, हा त्यामागचा हेतू होता. छपाईही मुक्तीच्या छापखान्यात तिथल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. विद्वानांनी त्याला म्हणावी तशी दाद दिली नाही. एका बाईने बायकांसाठी एवढं मोठं काम केलं, ही गोष्ट आपल्या इतिहासात एका ओळीत आटोपली जाते, याचं मला दुःख आहे.

आमच्या घरी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिवेलागणीनंतर प्रार्थना होई. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. एक पद, एक अध्याय, मग ज्याला जे सुचेल ते तो बोले, शेवटी प्रभूची प्रार्थना. बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत; रोज एक धरला तर सव्वातीन वर्षं लागतात. वडील काहीही गाळत नसत. लेवीयातले यज्ञांचे नियम आले, गणनेतल्या वंशावळी आल्या, तरी वाचायच्या. वाचायचं काम घरातल्या सर्वांत लहान साक्षराचं.

आजीला अक्षरओळख नव्हती. एका संध्याकाळी रूथचा दुसरा अध्याय वाचला. विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते आणि संध्याकाळी झोडल्यावर एफाभर सातू निघतो. एफा म्हणजे आपल्या मापाने किती, ते वडिलांनी समजावून सांगितलं. आजी म्हणाली, “एका बाईला एका दिवसात एवढा सरवा मिळत नसतो. मी जन्मभर वेचलाय. म्हणून तर मालकाने गड्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, पेंढ्यांतलं मुद्दाम टाका आणि तिला बोलू नका. दिलं, पण भीक म्हणून दिलं नाही. तिच्या कष्टाचं तिला वाटू दिलं.” मग तिने वडिलांना विचारलं, शेताचे कोपरे कापू नका असा नियम मागे वाचला होता ना? होता. लेवीयाचा एकोणिसावा अध्याय. कंटाळवाणा म्हणून तो गाळला असता, तर आजीला बवाज इतका कळला नसता.

रूथच्या त्या अध्यायावर मी पुढे बरीच भाष्यं वाचली. आजीच्या बोलण्याएवढं खोल त्यांत थोडंच सापडलं. सामान्य माणसाला जुना करार झेपत नाही असं लिहिणारे लोक भेटतात, तेव्हा मला ती आठवते.

कॅथलिक बंधूंकडे वाचनाला शिस्त आहे, आणि तिचा मला आदर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला आणि वाचनांचं नवं चक्र आलं: रविवारचं तीन वर्षांचं, बाकीच्या वारांचं दोन वर्षांचं. आगमनकाळापासून ते सुरू होतं. वसईच्या घरांत संध्याकाळची जपमाळ आणि दिवसाचं वाचन यांची जोड पडली, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुवार्ता’ मासिकातल्या लेखणीचा आणि ‘सुबोध बायबल’चा वाटा मोठा आहे. तरीही माझी तक्रार आहेच. विषम वर्षी विसाव्या आठवड्यात शुक्रवार-शनिवारी रूथ वाचतात. दुसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या वचनानंतर थेट आठव्यावर जातात आणि अकराव्याशी थांबतात. गड्यांना दिलेला तो हुकूम सोळाव्या वचनात आहे. तो मिस्सामध्ये ऐकूच येत नाही. म्हणून मी म्हणतो, देवळातलं वाचन कितीही नेटकं असलं तरी घरी पुस्तक उघडावंच लागतं.

आता पुस्तकच उघडत नाही. सकाळी फोनवर फुलांच्या चित्रावर एक वचन येतं, ते पुढे पाठवलं की झालं मनन. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन सर्वांत जास्त फिरतं, कारण त्यात देव चांगल्या भविष्याचा शब्द देतो. त्याच्या अगोदरचं दहावं वचन कुणी पाठवत नाही. त्यात सांगितलंय की बाबेलातली सत्तर वर्षं भरल्यावरच हे होईल. यिर्मयाने हे पत्र बाबेलात नेलेल्या ज्या बंदिवानांना लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांना ते दिवस दिसणार नव्हते. त्यांना आधी काय सांगितलं? परक्या मुलखात घरं बांधा, मळे लावा, त्या नगरासाठी प्रार्थना करा. मला हा सगळा अध्याय पाहिजे. आजारपणात, नोकरी गेल्यावर, माणूस गेल्यावर अकराव्या वचनाचा एकटा तुकडा पुरत नाही. धावपळीच्या जगात एक वचनही पुष्कळ, असं समजावणाऱ्या पाळकांशी मी या एका गोष्टीवर कायम भांडत आलो आहे.

मराठी ख्रिस्ती नियतकालिकांच्या संपादकांना माझी विनंती आहे: रोजच्या मननाच्या पानावर नुसतं वचन छापू नका, अध्यायाचा आकडा ठळक द्या आणि तो क्रमाने पुढे न्या. वाचकांना सांगणं एवढंच, की या आगमनकाळात रूथ घ्या. चारच अध्याय आहेत, चार संध्याकाळी होतील. वाचायला घरातल्या सर्वांत लहानाला बसवा आणि वाचून झाल्यावर पहिलं बोलणं घरातल्या सर्वांत वडील माणसाला करू द्या.