एक दशांश मिलिमीटर

क्लॅरिनेटच्या माउथपीसचं टोक आणि त्यावर बांधलेली रीड (फुंकल्यावर कंप पावणारी पातळ पट्टी) यांच्यात जेमतेम 1 मिलिमीटरची फट असते. व्हांडोरेन कंपनीच्या '5आरव्ही लायर' या माउथपीसमध्ये ती 1.09 मिमी, 'बी45'मध्ये 1.195. फरक एक दशांश मिलिमीटरचा. तेवढ्यापायी वादकाला रीडही बदलावी लागते.

एका मिलिमीटरचा एक किलोमीटर करून पाहू. सुमारे 66 सेंटिमीटरचा क्लॅरिनेट मग 660 किलोमीटरचा होतो, 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाहून थोडाच आखूड. फेसिंग म्हणजे माउथपीस रीडपासून हळूहळू वळत दूर जातो तो भाग; तो यातले शेवटचे सतराएक किलोमीटर. तेवढ्यात रीड आणि माउथपीस यांच्यात किलोमीटरभर अंतर पडतं. आणि कारागीर ज्या चुकीसाठी माउथपीस पुन्हा काचेवरच्या पॉलिशपेपरवर घासायला घेतो, ती असते दहा-वीस मीटरची.

440 हर्ट्झचा स्वर लावला की रीड या वक्राकडे मिनिटाला 26,400 वेळा झेपावते आणि परतते. जोरात फुंकलं तर दर खेपेला फट बुजते. फट पूर्ण मिटवणाऱ्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश दाबावर स्वर सुरू होतो, असं ढोबळ गणित सांगतं. तीच रीड 'लायर'वरून काढून 'बी45'वर लावली, तर फट जवळजवळ 10 टक्क्यांनी वाढते आणि दाबही त्याच प्रमाणात जास्त लागतो. म्हणून मोठ्या फटीला वादक मऊ रीड घेतात. मोबदल्यात आवाज मोठा मिळतो, स्वर ओठांनी हवा तसा वाकवता येतो. पण तो जागेवर धरून ठेवायला मेहनत पडते. व्हिएन्नाची परंपरा उलट्या टोकाला: फट 1 मिलिमीटरहून बरीच कमी, फेसिंग लांब, रीड ताठ.

मात्र फटीचा आकडा पाहून माउथपीस निवडणं मला अपुरं वाटतं. टोकाशी सारखीच फट असलेले दोन माउथपीस अगदी वेगळे वाजू शकतात, कारण मधला वक्र वेगळा असतो. तो मोजायला अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा कोरलेली काच आणि पातळ पोलादी पट्ट्या लागतात. नेहमीच्या संचातली सर्वांत पातळ पट्टी 0.038 मिलिमीटरची. ती काच आणि माउथपीस यांच्यामध्ये सरकवायची आणि कुठल्या रेघेवर अडते ते वाचायचं, डाव्या कडेला आणि उजव्या कडेलाही. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर रीड तिरकी बसते, स्वर उशिरा उठतो आणि चांगला वादकही मध्येच चिरकतो.