उसातला बिबट्या आणि चिरगावची गिधाडं

बालमित्रांनो, माणसाने जंगल तोडलं, धरण बांधलं, रस्ता काढला, की तिथल्या प्राण्यांचं काय होतं? “ते पळून जातात,” असं तुम्ही चटकन म्हणाल. पण पळून जाणार तरी कुठे? पुढच्या डोंगरातही माणूस आहेच की! मग काही प्राणी तिथेच राहतात आणि आपल्या सवयी बदलतात.

कावळ्याचं जमिनीवर पडलेलं जुनं घरटं मिळालं, तर निरखून पाहा. काटक्यांच्या जोडीला लोखंडी तारेचे तुकडेही सापडतील. झाडं कमी झाली, तारा वाढल्या. कावळ्याने हाताशी आलं ते वापरलं. यालाच म्हणतात परिस्थितीशी जुळवून घेणं. शरीरात बदल व्हायला कित्येक पिढ्या जाव्या लागतात, पण सवय एका आयुष्यातही बदलता येते.

या कामात सर्वांत हुशार कोण, तर बिबट्या! पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. कालव्याचं पाणी आलं आणि कोरडवाहू शेतांत ऊस डोलू लागला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा. आत दाट सावली, जवळच पाणी आणि माणसांची वर्दळ कमी. बिबट्याला ते जंगलच वाटलं! बिबट्याच्या माद्या उसातच पिल्लं घालू लागल्या. ऊसतोडीच्या वेळी ही पिल्लं सापडतात, तेव्हा त्यांना पुन्हा आईजवळ पोचवायची धडपड वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली मंडळी करतात.

पण हे बिबटे खातात काय? डॉ. विद्या अत्रेय यांनी अकोले भागात याचा अभ्यास केला. तिथे हरणं, सांबरं जवळजवळ नव्हतीच. बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा होता गावातल्या कुत्र्यांचा!

आता एका बिबट्याची गंमत ऐका. २००९ साली टाकळी ढोकेश्वर इथे (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) एक नर बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं, उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा गळ्यात बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं ‘आजोबा’. महिनाभराच्या आतच आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात हजर! वाटेत त्याने महामार्ग, रेल्वेचे रूळ ओलांडले. दिवसा दडून राहायचं आणि रात्री चालायचं, हा त्याचा शिरस्ता. या सगळ्या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही.

पण मोटारीच्या वेगाशी जुळवून घेणं त्यालाही जमलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये हमरस्त्यावर वाहनाची धडक बसून आजोबा गेला.

मुलांनो, जुळवून घेण्याची किंमत अशी मोजावी लागते, आणि ती माणसांनाही चुकलेली नाही. जुन्नर, शिरूर भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं दगावली आहेत, त्यात तुमच्याएवढी मुलंही होती. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्यांना ‘बिबट्या हुशार आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मग सगळे बिबटे पकडून लांब सोडावेत का? तेही करून पाहिलं गेलं. पण अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या बावरतो, परत फिरतो, आणि हल्ले थांबण्याऐवजी वाढतात, असं अभ्यासात दिसून आलं.

आता आपल्या रायगड जिल्ह्यातली गोष्ट. सगळ्यांनाच जुळवून घेता येत नाही. गिधाडाचं पाहा. त्याचं अन्न एकच, मेलेली जनावरं. त्याची मादी वर्षाला अंडं घालते तेही एकच. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचं औषध आलं. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होत. थोड्याच वर्षांत देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली. इथे कसली हुशारी चालणार? २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात तर गावकऱ्यांनीच गिधाडांची उंच झाडं आणि घरटी जपली. गिधाडाला बदलता आलं नाही, तेव्हा माणूस बदलला!

म्हणजे जुळवून घेणं हे फक्त प्राण्यांचं काम नाही. आपणही थोडं करू या:

● बिबट्याचा वावर असेल तिथे अंधार पडल्यावर मुलांनी एकटं बाहेर जाऊ नये. मोठ्यांनी बॅटरी घ्यावी, मोठ्याने बोलत जावं.
● शेळ्या, वासरं रात्री बंद गोठ्यात बांधावीत.
● उघड्यावर खरकटं टाकू नये. खरकट्यामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.
● देवळापाशी माकडांना प्रसाद भरवू नये. आज हातातून घेणारं माकड उद्या हातातून ओढून घेतं!
● जखमी किंवा अडकलेला प्राणी दिसला, तर गर्दी न करता मोठ्यांना सांगावं. वनखात्याचा मदत क्रमांक आहे १९२६.

आणि हो, या रविवारी वही-पेन्सिल घेऊन आपल्या आळीत फेरी मारा. कोणता पक्षी, कोणता प्राणी माणसाच्या कोणत्या वस्तूचा कसा उपयोग करतो, ते लिहून काढा. आई-बाबांनाही विचारा, त्यांच्या लहानपणी दिसणारा कोणता प्राणी आता दिसत नाही? दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. कोणाला जमलं आणि कोणाला नाही, ते तुमचं तुम्हालाच कळेल.