उसाचे बिल, आभासी नाणे आणि मोबाईलची किल्ली



गाळप झालेल्या उसाचे पैसे चौदा दिवसांत मिळाले पाहिजेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. त्यावर वार्षिक सभेत भरपूर बोलणे होते, ते इथे नको. आजचा विषय बिल खात्यावर पडल्यानंतरचा आहे. सोसायटीची कपात, पाणीपट्टी, खताची उधारी वजा जाता जी रक्कम हाती उरते ती वर्षातून एकदा-दोनदा येते आणि एकरकमी येते. मुलीचे लग्न, विहिरीची खोदाई, पोराच्या कॉलेजची फी हे सगळे त्या एका रकमेवर टांगलेले असते. ही गोष्ट जशी आपल्याला ठाऊक आहे तशी ती लबाड लोकांनाही ठाऊक झाली आहे.

असल्या लबाडीचे दोन प्रकार सध्या फार चालतात. एकात "क्रिप्टोत पैसे लावा, दामदुप्पट करून देतो" असे सांगतात. दुसऱ्यात आपल्याच मोबाईलचा ताबा घेऊन खाते रिकामे करतात. पुष्कळदा दोन्ही मिळून येतात, म्हणून दोहोंचा विचार एकत्र केलेला बरा.

आधी हे क्रिप्टो म्हणजे काय ते समजून घेऊ. बिटकॉइन हे त्यातले पहिले नाणे. २००८ साली एका टोपणनावाने त्याची योजना प्रसिद्ध झाली आणि जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झाले. हे नाणे हातात धरता येत नाही. ते म्हणजे हिशेबाच्या वहीतली एक नोंद असते, आणि त्या वहीच्या प्रती जगभरातल्या हजारो संगणकांवर असतात. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जायची नाहीत असा नियम त्यातच घालून ठेवला आहे. इथवर सगळे ठीक. पण आपल्या सोसायटीत चुकीची नोंद पडली तर सचिवाकडे जाऊन भांडता येते, सहायक निबंधकाकडे अर्ज करता येतो. या वहीला सचिव नाही, निबंधक नाही. एकदा नाणे दुसऱ्याच्या नावावर गेले की ते परत फिरवणारा कोणी नाही. लबाडांना ही चीज आवडते ती त्यामुळे.

"सरकार त्यावर कर घेते, म्हणजे सरकारची मान्यता आहे," असे एजंट हमखास सांगतो. कर घेते हे खरे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का कपात आहे. पण कर लावला म्हणजे हमी दिली असे होत नाही. बँकेतल्या ठेवीला, मग ती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक का असेना, फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. क्रिप्टोला असले कसलेच संरक्षण नाही. आणि ही गोष्ट फक्त बोगस ॲपची नाही. वझीरएक्स हा आपल्या देशातला नावाजलेला बाजार. जुलै २०२४ मध्ये त्याच्याकडून सुमारे तेवीस कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकून पडले. तिथे नाणी तरी खरी होती. आपल्या गावात जे विकायला येते त्यात बहुधा नाणेच नसते.

"गेनबिटकॉइन"चे प्रकरण आपल्या पुण्यातच गाजले. बिटकॉइन आमच्याकडे ठेवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के देऊ, असा वायदा होता. अठरा महिने म्हणजे आपली एक आडसाली. आडसालीला बेणे, लागण, भरणी, खत, पाणी, तोड सगळे लागते आणि वर पाऊस-वारा, हुमणी, तांबेरा यांची भीती. इकडे नुसते बसून लाखाचे एक लाख ऐंशी हजार नफा व्हायचा आणि त्याला कसली कीड लागणार नव्हती! दहा टक्के महिना कुठल्या धंद्यातून निघतो, हा प्रश्न त्या वेळी फार थोड्यांनी विचारला. पुढे बिटकॉइनऐवजी कंपनीने स्वतःच काढलेले "एमकॅप" नावाचे नाणे लोकांच्या माथी मारले, त्याला बाजारात मोल राहिले नाही. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये मुख्य सूत्रधार अमित भारद्वाज याला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो मरण पावला. त्यावर कडी म्हणजे, तपासाला मदत म्हणून घेतलेल्या दोन तज्ज्ञांनाच, नाणी परस्पर वळवल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी पकडले. पुढे तपास सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्येही त्या प्रकरणात धाडी चालू होत्या. पैसे भरणाऱ्याची केवढी वर्षे त्यात गेली ते बघा.

"वनकॉइन" त्याहून मोठे. २०१४ साली परदेशात सुरू झाले. रुजा इग्नातोवा ही बाई त्याची मुख्य. जगभरातून चारशे कोटी डॉलरच्या वर पैसा गोळा केला, आणि मागून कळले की ज्या वहीत नाण्यांच्या नोंदी असायला हव्या होत्या तशी खरी वहीच नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये नवी मुंबईत त्यांचा लोक जमवण्याचा कार्यक्रम चालू असताना पोलिसांनी धाड घालून अनेकांना धरले. रुजाबाई ऑक्टोबर २०१७ मध्ये बेपत्ता झाल्या. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्यांचे नाव दहा मोस्ट वाँटेड आरोपींच्या यादीत घातले.

कोणी म्हणेल, हे सगळे शहरातल्या पैसेवाल्यांचे. तर मग कडकनाथ आठवा. इस्लामपूर, जिल्हा सांगली, म्हणजे भर उसाचा पट्टा. पिल्ले आम्ही देतो, वाढवा, अंडी आणि पक्षी चढ्या भावाने आम्हीच परत घेतो, असा सौदा होता. २०१९ मध्ये खरेदी थांबली आणि शेतकऱ्यांच्या दारात कोंबड्या राहिल्या, त्यांना खाद्य घालायला पैसे नाहीत. त्यात निदान कोंबडी तरी दिसत होती. क्रिप्टोच्या ॲपमध्ये दिसतो फक्त आकडा, आणि तो आकडा लबाडानेच बसून टाईप केलेला असतो.

हल्लीची पद्धत अशी. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामच्या एखाद्या गटात आपल्याला न विचारता घालतात. तिथे शंभर-दीडशे माणसे रोज नफ्याचे फोटो टाकतात. त्यातली बहुतेक त्यांचीच असतात. आपण भीत भीत पाच हजार लावतो. चार दिवसांत सहा हजार झालेले दिसतात आणि काढायला गेलो तर निघतातही. हे जे सुरुवातीला पैसे निघतात ना, तोच गळाचा गांडूळ. मग माणूस पन्नास हजार लावतो, बिल पडले की तीन लाख लावतो, वर सोनेतारण करतो. स्क्रीनवर नऊ लाख दिसतात. काढायला गेले की सांगतात, आधी ३० टक्के कर भरा, मग रक्कम मोकळी होईल. इथे थांबून विचार करावा. आयकर आपण आपल्या पॅनवर सरकारकडे भरतो, कुठल्या ॲपवाल्याच्या खात्यावर भरत नाही. आणि कपात करायचीच असली तर ती देय रकमेतून होते, जशी आपल्या बिलातून सोसायटीची होते. कारखान्याने कधी म्हटले आहे का, की आधी कपातीचे पैसे रोख आणून द्या, मग बिल काढतो?

ऊसतोडीच्या मुकादमाला उचल देताना आपण काय काय करतो? करारनामा लिहून घेतो, जामीनदार बघतो, कोरे चेक घेतो, त्याच्या गावी जाऊन घर बघून येतो. तरीही टोळी न येण्याचे प्रसंग घडतात. आणि ज्याचे गाव माहीत नाही, तोंड पाहिलेले नाही, नाव खरे की खोटे ठाऊक नाही, त्याला पोरगा म्हणतो म्हणून तीन लाख? बरे, पुष्कळदा मधला एजंट परका नसतो. भाचा असतो, साडू असतो, पाव्हणा असतो. तोही बिचारा फसलेलाच असतो, पण "तुमच्या खाली दोघे जोडा" या साखळीत त्याला दलाली मिळत असते. पैसे बुडाल्यावर त्याच्याशी बोलणे बंद होते, सोयरीक मोडते. त्याचे नुकसान कुठल्या फिर्यादीत लिहीत नाहीत.

आता दुसरा प्रकार. फोन येतो तो साधारण असा.

"काका, बँकेतून बोलतोय. तुमचं केवायसी संपलंय, संध्याकाळी खातं बंद पडेल."

"अरे, परवाच तर बिल जमा झालंय."

"म्हणूनच तर फोन केला. एक ॲप पाठवतो, तेवढं घ्या. नऊ आकडे दिसतील ते मला सांगा, बाकी मी बघतो."

ते नऊ-दहा आकडे सांगितले आणि पुढे परवानगीचे बटण दाबले की आपल्या मोबाईलवर जे दिसते ते सगळे त्याला तिकडे दिसू लागते. जास्तीची परवानगी दिली तर तो तिकडून बटणेही दाबतो. एनीडेस्कसारखी ही ॲप्स मुळात खोटी नव्हेत. संगणक दुरुस्त करणारे लोक ती रोज वापरतात. परंतु त्यांच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. "मी ओटीपी कुणाला सांगितलाच नाही," असे फसलेला माणूस शपथेवर म्हणतो, आणि ते खरेही असते. ओटीपी पडद्यावर आला तेव्हा त्या दोघांनी मिळून वाचला. बायकोपासूनसुद्धा लपवलेला पिन असा उघडा पडतो.

कारण मात्र दर वेळी नवे असते. २०२२ साली "आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल" असे संदेश सगळीकडे फिरले. अलीकडे एपीके नावाच्या फाइली येतात. पीएम किसानचा हप्ता, गाडीचे चलन, नाहीतर चक्क लग्नपत्रिका. पत्रिका म्हटले की माणूस उघडणारच! खरी पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे असे समजावे आणि ओळखीच्या नंबरवरून आले तरी उघडू नये, कारण ते त्याच्या मोबाईलमधून त्याच्या नकळत निघालेले असू शकते. पीएम किसानची ई-केवायसी सरकारी संकेतस्थळावर, त्यांच्या अधिकृत ॲपवर किंवा गावच्या सेवा केंद्रात होते. शंका आली तर फोन ठेवून द्यावा आणि सरळ शाखेत जावे. नेटवर शोधलेल्या "कस्टमर केअर" नंबरावर भरवसा ठेवू नये, पासबुकावर छापलेला नंबर वापरावा. आणि हे तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: पैसे यायला पिन कधी लागत नाही, जायलाच लागतो.

आमची एक सूचना आहे, पटली तर बघा. ज्या खात्यात उसाचे बिल जमा होते त्याला मोबाईलवरचे यूपीआय जोडूच नये. किराणा, पेट्रोल, रिचार्ज यांसाठी दुसरे छोटे खाते ठेवावे आणि त्यात चार-पाच हजार टाकत जावे. शाखेत एक हेलपाटा जास्त पडेल. पडू द्या.

तरुण पोरांच्या बाबतीत एक वेगळा धोका आहे आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच-दहा हजार देतो," असे सांगणारे भेटतात. खाते भाड्याने, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम त्यांच्याकडे. फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून फिरतो. पोलीस माग काढत येतात ते खातेदाराच्या दारात, त्या सांगणाऱ्याच्या नव्हे. खाते गोठते, गुन्ह्यात नाव येते, आणि नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत ते निघते. बापाच्या नावाचे खाते पोराने परस्पर दिले असेल तर उसाचे बिलही त्यातच अडकते.

एवढे करूनही घात झालाच, तर पहिली गोष्ट मोबाईलचे नेट बंद करणे, नाहीतर मोबाईलच बंद करणे. मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० हा नंबर लावावा. हा सरकारचा देशभराचा नंबर आहे. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असा पळत असतो. तक्रार लवकर पोचली तर वाटेतल्या एखाद्या बँकेत तो रोखून धरता येतो. एटीएममधून निघाला किंवा क्रिप्टो होऊन परदेशी गेला की संपले. म्हणून लाजेपोटी "उद्या बघू, घरात कळायला नको" असे करू नये. त्याच दिवशी शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. आपण होऊन दिलेल्या पिनमुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिले. तेव्हा अर्जावर तारीख आणि वेळ दोन्ही असू द्या. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचे नंबर, संदेश, फोटो काही पुसू नये, मोबाईल दुकानात देऊन साफ करून घेऊ नये. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. गट ऑफिसच्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाला ते जमत असेल तर त्याची मदत घ्या, पण पासवर्ड त्यालाही देऊ नका.

तक्रार दिल्यावर काही दिवसांनी आणखी एक फोन येण्याचा संभव असतो. "तुमचे बुडालेले पैसे सापडलेत, सोडवायची फी तेवढी भरा." बोलणारा स्वतःला वकील म्हणवील, सायबर पोलीस म्हणवील, तुमची रक्कमही बरोबर सांगेल. रक्कम त्याला माहीत असते, कारण नेणारे तेच असतात किंवा यादी त्यांनीच विकलेली असते. १९३० वर तक्रारीला किंवा रोखलेली रक्कम परत मिळायला कसलीही फी नाही.