विश्लेषण : भारतीय लष्कराची मदत मंडालेत पोहोचली, नदीपलीकडे का नाही?

बोरिवलीजवळच्या गोराईत ज्यांनी विपश्यना पॅगोडा उभारला, ते सत्यनारायण गोएंका मूळचे मंडालेचे. लोकमान्य टिळकांच्या तुरुंगवासाचे गावही हेच. २८ मार्च २०२५ रोजी मंडालेजवळ ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला आणि भारताने 'ऑपरेशन ब्रह्मा' हाती घेतले.

परवानगी कोणाची?

परदेशी सैन्याला मदतीसाठीही यजमान सरकारची संमती लागते. म्यानमारमध्ये तेव्हा ती देणारे सरकार म्हणजे २०२१ मध्ये उठाव करून सत्ता बळकावलेले लष्कर. यादवी युद्धातला एक पक्षच! २००८ च्या नर्गिस वादळानंतर तिथल्या लष्करशहांनी अमेरिका आणि फ्रान्सच्या युद्धनौकांना किनाऱ्याला लागू दिले नाही. त्या बाहेर थांबून परतल्या. 'आयएनएस राणा' आणि 'आयएनएस किरपाण' मात्र यांगूनला पोहोचल्या. दिल्लीने लष्करशहांशी संबंध राखल्याचा हा फायदा, आणि अडचणही तीच.

अडले कुठे?

२०२५ मध्ये भारताच्या ११८ जणांच्या लष्करी वैद्यकीय पथकाने मंडालेत रुग्णालय थाटले. शहर लष्कराच्या ताब्यात आहे. इरावतीपलीकडे, सागाइंग प्रदेशात बराच ग्रामीण भाग विरोधी गटांकडे आहे. तिथे जायचे तर पुन्हा लष्कराचीच परवानगी हवी. भूकंपानंतर दोन्ही बाजूंनी युद्धविराम जाहीर केला, तरी लष्कराचे हवाई हल्ले थांबले नाहीत. चिनी रेडक्रॉसचा ताफा आला तेव्हाही लष्कराने गोळ्या झाडल्या. इशाऱ्यासाठी हवेत, असा त्यांचा खुलासा. विरोधकांच्या ताब्यातल्या गावांत मदतीचा मोठा भार स्थानिक स्वयंसेवकांनीच उचलला.