उसात बिबट्याची पिल्लं सापडली तर...

ऊसतोड सुरू असताना पाचटात मांजरीच्या पिल्लांसारखी, डोळेही न उघडलेली पिल्लं दिसली, तर ती पोरकी समजू नका. आई बहुधा जवळच्याच फडात असते.

● कोयते थांबवा, सगळेच मागे सरा.
● पिल्लं उचलू नका, दूध पाजू नका, फोटोसाठी गर्दी करू नका.
● वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवा.
● जुन्नर परिसरात वनकर्मचारी पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. अंधार पडला की मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते.
● वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पिल्लू घरी नेणं गुन्हा आहे.

त्या रात्री फडाकडे फिरकू नका. आईची वाट मोकळी ठेवा.