टेकडीवर अडकलेलं अॅप: ‘एनके मॉडेल’ धंद्यात कसं वापरतात?

तुमच्या फोनमधलं एखादं अॅप दर पंधरवड्याला अपडेट होतं. बटणाचा रंग बदलतो, आयकॉन इकडचा तिकडे जातो, वर्षभरात पंचवीसेक अपडेट येऊन जातात. तरी वापरताना वाटतं, हे काही फार सुधारलेलं नाही. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेक बदलांची आधी चाचणी झालेली असते आणि प्रत्येक बदल आधीच्यापेक्षा जरासा सरस ठरलेला असतो. मग अॅप तिथल्या तिथेच कसं? मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अशा ए-बी चाचण्या लिहिणं हे माझं रोजचं काम. या प्रश्नाचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर जीवशास्त्रातून आलेलं आहे.

स्टुअर्ट कॉफमन हे अमेरिकेतले डॉक्टर, पुढे सैद्धांतिक जीवशास्त्राकडे वळले. १९८७ साली त्यांनी सायमन लेव्हिन यांच्याबरोबर एक मॉडेल मांडलं, तेच पुढे ‘एनके मॉडेल’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. एन म्हणजे एखाद्या रचनेत एकूण भाग किती. के म्हणजे त्यातल्या प्रत्येक भागाचा फायदा-तोटा इतर किती भागांवर अवलंबून आहे. त्यांच्या डोक्यात जनुकं होती. पण ‘भाग’ या शब्दाच्या जागी ‘निर्णय’ टाका, की हेच मॉडेल दुकानाला, अॅपला, कंपनीला लागू होतं.

आता समजा, दाट धुक्यात तुम्हाला सह्याद्रीत कुठेतरी सोडलंय. गाठायचंय कळसूबाईचं शिखर, उंची १६४६ मीटर. फोनची बॅटरी संपलेली. दिसतं फक्त एक पाऊल पुढचं, आणि नियम असा की पाऊल चढाचं असेल तरच टाकायचं. तुम्ही कुठे पोहोचाल? बहुधा जवळच्याच एखाद्या टेकडीच्या माथ्यावर. तिथून कुठेही पाय टाकला तरी उतारच लागतो, म्हणून तुम्ही तिथेच बसून राहता. एका वेळी एकच बदल करणारी ए-बी चाचणी नेमकी अशीच चालते.

अशा टेकड्या किती असतात, हे के ठरवतो. दहा निर्णय घ्या, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही. एकूण जुळण्या झाल्या १०२४. के शून्य असेल, म्हणजे एका निर्णयाचा दुसऱ्याशी काही संबंधच नसेल, तर शिखर एकच असतं आणि जास्तीत जास्त दहा बदलांत तुम्ही तिथे पोहोचता. पण प्रत्येक निर्णय बाकीच्या नऊही निर्णयांत गुंतलेला असेल, तर सरासरी सुमारे ९३ टेकड्या तयार होतात! त्यातल्या एकीवरच सर्वोत्तम जुळणी असते.

हे कागदावरचं गणित वाटत असेल तर डब्याच्या धंद्याकडे बघा. माझी एक मैत्रीण पुण्यात ऑफिसवाल्यांना डबे पुरवते, बचतीतले पैसे घालून सुरू केलंय. तिने मोठ्या फूड अॅपचं बघून ‘सकाळी दहापर्यंत ऑर्डर द्या’ ही सोय चालू केली. सोय चांगलीच आहे. पण तिची भाजी आदल्या संध्याकाळी येते, कणीक पहाटे मळली जाते आणि पोचवणारा मुलगा साडेअकराला निघतो. ऑर्डरची वेळ या तिन्हींत अडकलेली होती, त्यामुळे कधी अन्न उरायला लागलं तर कधी कमी पडायला. डॅनियल लेव्हिंथल यांनी १९९७ साली हे मॉडेल कंपन्यांना लावून जे दाखवलं, त्यातला एक भाग हाच: भाग एकमेकांत घट्ट गुंतलेले असले की एखादीच गोष्ट बदलून काम भागत नाही. स्टार्टअपच्या जगात ‘अमक्याने केलं, आपणही करू’ हे वाक्य आठवड्याला एकदा तरी कानावर पडतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

हीच गुंतागुंत एका मोठ्या कंपनीने सोडवली, त्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॉफमन यांनी १९९६ साली सांता फे इथे ‘बायोस ग्रुप’ नावाची कंपनी काढली, असली मॉडेलं धंद्यात वापरण्यासाठीच. साउथवेस्ट एअरलाइन्सचं काम त्यांच्याकडे आलं. विमानांतली मालाची जागा सरासरी फक्त ७ टक्के वापरली जात होती, तरी काही विमानतळांवर माल तुंबायचा. कर्मचारी वागत होते ते अगदी शहाणपणाने: योग्य दिशेला जाणाऱ्या पहिल्या विमानात माल चढवायचा. मुंग्यांच्या साध्या नियमांवर बेतलेलं सिम्युलेशन चालवल्यावर उलटंच दिसलं. शिकागोहून बॉस्टनला जायचा माल आधीच अटलांटामार्गे बॉस्टनला जाणाऱ्या विमानात असेल, तर तो उतरवून थेट विमानात टाकण्यापेक्षा तिथेच राहू देणं बरं. म्हणजे सुरुवातीला चुकीच्या दिशेला! २००१ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आलेल्या लेखानुसार, सगळ्यात गजबजलेल्या ठिकाणी मालाची चढ-उतार ८० टक्क्यांपर्यंत घटली आणि कंपनीचा वर्षाला १ कोटी डॉलरहून जास्त फायदा अपेक्षित होता. एकेका कर्मचाऱ्याचं पाऊल चढाचंच होतं, पण सगळे मिळून टेकडीवर अडकले होते.

मग काय, रोज लांब उड्या मारायच्या? ‘डिसरप्शन’वाल्या भाषणांत हेच सांगतात, आणि इथे माझं त्यांच्याशी पटत नाही. आंधळी लांब उडी कुठे पडेल याचा नेम नसतो. कॉफमन यांचं गणित सांगतं की प्रत्येक यशस्वी उडीनंतर, पुढची यशस्वी उडी सापडायला साधारण दुप्पट प्रयत्न लागतात. म्हणून मोठे, विचित्र प्रयोग सुरुवातीला करायचे. तेव्हा तुम्ही पायथ्याशी असता आणि गमावण्यासारखं फार नसतं. बारीक चाचण्या नंतर. आणि जमेल तिथे के कमी करायचा. आम्ही प्रोग्रॅमर कोडचे सुटे मॉड्यूल पाडतो ते यासाठीच, एक बदलला तर बाकीचे कोसळू नयेत.

मॉडेलला मर्यादा आहेत. धंद्यातले निर्णय हो-नाहीचे नसतात, के मोजायचं यंत्र मिळत नाही, आणि बाजार बदलला की डोंगरच हलतात. ‘एज ऑफ केऑस’ असे शब्द स्लाइडवर टाकून कुणी कंपनीचं भविष्य सांगू लागलं, तर मी तरी चहा घ्यायला उठतो. सिद्धांतातून पुढचा प्रयोग कोणता करायचा हे कळत नसेल, तर ती नुसती सजावट.

मैत्रिणीबरोबर बसून आम्ही एका कागदावर तिचे निर्णय लिहिले आणि कोणता कशात अडकलाय त्याच्या रेघा मारल्या. सगळ्यात जास्त रेघा ऑर्डरच्या वेळेला लागल्या. आता तिने फक्त पंधरा ग्राहकांसाठी वेगळा प्रयोग सुरू केलाय: आठवड्याचा ठरलेला मेन्यू, पैसे आधी, रोजची ऑर्डरच नाही. पहिल्याच आठवड्यात त्यातले चार जण गळाले. उरलेल्या अकरा डब्यांमागे अन्न मात्र अजिबात वाया गेलं नाही. महिनाभर ती हेच चालू ठेवणार आहे, बाकीच्या ग्राहकांचं वेळापत्रक तोवर जसंच्या तसं.